पुठ्ठ्याआडचे फासे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मित्रमंडळीत सगळे सूत्रधार म्हणत. दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर खेळ रंगायचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, गोष्ट सूत्रधारानं सांगायची, आणि पात्राचं धाडस जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. सूत्रधार आपले, म्हणजे शत्रूंच्या वाराचे, फासे एका पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा. पुठ्ठा मोटारीच्या खोक्याचा, एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग. त्यामागे काय पडलं ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण तो खोटं बोलायचा, तेही बेधडक. एखाद्याचं पात्र मरायला टेकलं आणि त्या माणसाचे दिवस वाईट चाललेले असले, की सहाचा दोन व्हायचा. सगळ्यात जास्त खोटं तो वहिनींसाठी बोलला. वहिनी म्हणजे त्याच्या उस्तादाची बायको. उस्तादानं त्याला लिफ्टचं काम शिकवलं, आणि या खेळात स्वतःचं पात्र म्हणून एक वैद्यबुवा आणला: भित्रा, कुरकुऱ्या, औषधापेक्षा उपदेशच जास्त पाजणारा. उस्ताद गेला. काही दिवसांनी वहिनी येऊन त्याच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, वैद्यबुवाला आता मी चालवीन. त्या अगदी उस्तादासारखं खाकरून कुरकुर करायच्या. आधी सगळे गप्प व्हायचे, मग पोट धरून हसायचे. त्या बुवाला मारायची सूत्रधाराची छाती नव्हती.

खेळणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर होते. ते एकदा थट्टेत म्हणाले, विमा काढायचा तर या वैद्यबुवाचा काढावा, कंपनी फायद्यातच राहील. सूत्रधाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्या ब्रेकच्या भरवशावर माणसं दहा मजले चढतात, त्याच्यावर खोटेपणाचा संशय! संशय खरा होता, म्हणूनच तो जास्त झोंबला.

त्यानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घेतला. त्यात नकाशे होते, प्रत्येक पात्राची प्रकृती होती, आणि दर गुरुवारी सगळ्यांच्या फोनवर ‘रविवारी येणार?’ असा प्रश्न आपोआप जायचा. फासेही त्यातच. ते लपवायची सोय होती, ती त्यानं पाहिली, आणि ‘सर्वांना दिसतील’ यावर बोट ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

थोड्याच रविवारांत एक लांडगा वैद्यबुवाच्या अंगावर आला. टीव्हीच्या पडद्यावर फासा गरगरला आणि सहावर थांबला. बुवाचं चित्र करडं झालं आणि घसरत खाली ‘मृत’ या रकान्यात जाऊन बसलं. झालेलं उलटवायचं बटण सूत्रधाराच्या बोटाखाली होतं. डॉक्टरच म्हणाले, अहो बदला की, खेळच तर आहे. पण त्यांनीच म्हटल्यावर तर सूत्रधार जास्त ताठ झाला.

“सगळ्यांनी पाहिलंय,” तो म्हणाला. “आता नियम म्हणजे नियम.”

वहिनींनी चष्मा पुसला, चहा संपवला, डॉक्टरांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि त्या घरी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

खूप दिवस मनाशी घोळवून तो शेवटी त्यांच्याकडे गेला. इतकी वर्षं आपण खोटं बोलून बुवाला जगवलं, ते त्यानं सांगून टाकलं. अजूनही उलटवता येईल, असंही म्हणाला.

“माहीत होतं, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा चेहरा काय पुठ्ठ्यामागे लपतो होय? ह्यांना जाऊ द्यायला अजून कुणीतरी तयार नाही, एवढं बघायला तर मी येत होते.”

वहिनींच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, तो त्यानं घट्ट करून दिला आणि तो निघाला.

आता टेबलावर पुन्हा तोच पुठ्ठा आहे आणि टीव्ही बंद असतो. प्रोग्रॅममधलं एकच काम त्यानं चालू ठेवलंय, गुरुवारचा प्रश्न. वहिनींचं नाव यादीतून काढा, उगाच त्यांना त्रास, असं डॉक्टर म्हणतात. सूत्रधार काढत नाही. गुरुवारी तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा असला तरी हात पुसून फोन बघतो. सगळ्यांच्या आधी वहिनींचं ‘नाही’ आलेलं असतं. ते वाचतो आणि पुन्हा कामाला लागतो.