कावळा शिवलेला माणूस

“अपॉइंटमेंट आहे का?”

फुटपाथवर पोतं अंथरून बसलेला दाढीवाला माणूस असं विचारतो तेव्हा काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, “नाही.” त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, “मग बसा. डॉक्टर आले की सांगतो.” मी बसले. डॉक्टर यायचे नव्हतेच. त्यांच्या पाठीमागचा दवाखाना बंद होऊन जमाना झाला होता, आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

शनिवार पेठेत तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही या काकांना पाहिलं असेल. तरुणपणी ते त्याच दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायच्या कामावर होते. मग डोक्यात आवाज सुरू झाले. नोकरी सुटली, घर सुटलं. ती जागा तेवढी सुटली नाही.

अशा माणसांशेजारी जाऊन बसायचं हेच माझं काम. आमची लहानशी संस्था आहे. आधी ओळख, मग चहा, मग डॉक्टर आणि गोळ्या, आणि माणूस हो म्हणाला तर डोक्यावर छप्पर. यातला एकेक ‘मग’ जीव काढतो. काकांनी मला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं. आमचे मानसोपचारतज्ज्ञ भेटायला गेले, तर त्यांना ऐकवलं, “नंबराने या. शिकलेले दिसता.”

शेवटी एका सकाळी स्वतःच उठून म्हणाले, “चला बाई, तुमचा नंबर आला.”

धायरीत आमचा भाड्याचा फ्लॅट आहे. तिथे चार जण राहतात आणि स्वयंपाकाला एक मावशी येतात. काका सुरुवातीला खाटेखाली झोपले, मग खाटेवर. गोळ्या लागू पडल्या. दाढी गेली. आमटी पाहून म्हणायला लागले, “आज टाकी धुतलीत वाटतं?” मावशी फणकारायच्या आणि पहिलं ताट त्यांनाच वाढायच्या.

एक दिवस त्यांनी हडपसरच्या थोरल्या भावाचा पत्ता सांगितला. “दादाला कळवा, मी आहे म्हणून. न्यायला ये म्हणू नका. मी आहे, एवढंच.”

दादा आले. पांढरी टोपी, जुन्या शेतकऱ्याचे हात. शेतात आता इमारती उभ्या आहेत. भावाला पाहिलं आणि दारातच रडायला लागले. “आरं, आम्ही तुझा दहावा घातला रं!” बारा वर्षं पत्ता नाही, तेव्हा गुरुजींनी करून टाका म्हटलं होतं. दर्भाचा पुतळा करून जाळला, घाटावर पिंड ठेवला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“कावळा शिवला का रं दादा?”

“लगीच शिवला.”

“लगीच?” काकांचा चेहरा पडला. “म्हंजे माझी काहीच इच्छा ऱ्हायली नव्हती म्हणायची!”

मावशी फस्सकन हसल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

जिना उतरताना दादा मला म्हणाले, “ताई, पोरीचं लगीन ठरतंय. घरात येडा हाय म्हणलं, तर सोयरीक मोडंल. एवढं पार पडू द्या, मग सांगतो समद्यांला.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “अहो, भाऊ जिवंत आहे हे सांगायला मुहूर्त लागतो का?” ते टोपी सारखी करून उतरायला लागले. माणूस वाईट नव्हता हो. नंतरही डबा घेऊन यायचे, पण घरी न सांगता, चोरून.

मग एका सकाळी काकांनी गोळ्या परत केल्या. “मेलेल्याला कसली औषधं देता बाई?” नेहमीचं तिरकस बोलणं समजून आम्ही हसलो. दुपारी त्यांनी ताटही सरकवलं. “मेलेला माणूस रोज जेवतो होय?” तेव्हा मात्र मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी औषध बदललं. मावशींनी लहान मुलासारखे घास भरवून पाहिले. काका जेमतेम दोन घोट पाणी घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी दादांना फोनवर विनवलं, “एकदा घरी न्या. चार माणसांत ‘हा माझा भाऊ’ म्हणा.” उत्तर तेच, “लगीन होऊ द्या ताई.”

त्याच आठवड्यात पितृपक्ष आला. आणि भाऊ जिवंत आहे हे ठाऊक असून दादांनी त्याचं पितर घातलं! “दरसाली घालतो. औंदा नाही घातलं तर भावकी इचारंल ना.” हे त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं.

आपली तिथी काकांनी दादांनाच कधीतरी विचारून ठेवली होती. त्या सकाळी मावशी भाजी आणायला उतरल्या तेवढ्यात ते धायरीहून निघाले. हडपसरला दादांच्या गच्चीवर पान ठेवून सगळे मागे सरले होते, कावळ्याची वाट बघत. काका जिन्यातून वर आले, पानापुढे मांडी घातली आणि जेवायला लागले. खीर, वडे, कारल्याची भाजी, सगळं. कुणीतरी ओरडलं, “ह्यो कोण भिकारी शिरला?” दादा गप्प.

“जेवून उठला आन् माझ्या पाया पडला, ताई. ‘औक्षवंत हो’ म्हणायचं असतंय. माझ्या तोंडातून निघंना. समदे बघत हुते.”

काका जिना उतरून गेले ते गेलेच. धायरीला आले नाहीत, पेठेतही नाहीत. दादांनी मग सोयऱ्यांना स्वतःच सगळं सांगून टाकलं. सोयरीक काही मोडली नाही.

आता आम्ही शोधायला निघतो तेव्हा दादाही बरोबर येतात. काखेत काकांची तसबीर असते. हार काढलाय, पण काचेवर गंधाचा ठिपका तसाच आहे. परवा नदीकाठच्या एका चहावाल्याने ती हातात घेऊन हळहळत विचारलं, “कधी वारले?”

“वारला नाही हो!” दादा भर रस्त्यात ओरडले. “जित्ता हाय! माझा भाऊ हाय त्यो, जित्ता हाय!”

येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. मी दादांचा हात धरला, तरी ते तेच म्हणत राहिले.