उंबऱ्याबाहेरचा दाखला

दत्ताकाकांचा फोन म्हणून मी मोबाइल उचलला, नाव त्यांचंच दिसत होतं, पण आवाज त्यांचा नव्हता. बडोद्याच्या गोरव्यातल्या आमच्या कारखान्यात मशीन चालू होतं, म्हणून बाहेर येऊन पुन्हा ऐकलं. नर्मदेच्या बाजूला एका खेड्यात काका गिरणीच्या झिजलेल्या दगडांना टाकी लावायला, छिन्नीनं खाचा पाडायला गेले होते, तिथले गिरणीवाले रमणभाई बोलत होते. "गाडी लईने आवो, भाई," एवढंच ते म्हणत राहिले. गाडी घेऊन या... काय झालं ते सांगेनात. शेजारच्या जाधवभाऊंना फोन केला, ते त्यांची इको गाडी घेऊन फाटकाशी आले आणि आम्ही निघालो. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर काकांना निजवलं होतं. अंगावर नेहमीसारखी दगडाची पांढरी भुकटी. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणण्यापूर्वीच मृत्यू, खाली त्या गावाचं नाव आणि शिक्का. ती मी घडी करून खिशात ठेवली. जाधवभाऊ म्हणाले, "इथे थांबू नको. पोलीस आले की चिरफाड होईल. घरी ने." मी नेलं. त्या गावाच्या पंचायतीत तेव्हाच सांगून निघायचं असतं, हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं, आणि तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणी सांगितलंही नाही.

काका माझे कोणी नव्हते. मी परभणीकडचा. नववीतून शाळा सोडून कामाला म्हणून बडोद्याला आलो, ज्या मुकादमानं बोलावलं होतं तो मी पोचायच्या आत पळाला होता. हातात त्याचा पत्ता घेऊन मी गोरव्यात दारोदार विचारत होतो. काका दाराबाहेरच्या खिळ्याला आपली हत्यारांची पिशवी अडकवत होते. पत्ता बघितलाही नाही. म्हणाले, "आधी जेव. पत्ता कुठं पळून जात नाही, माणूस पळतो." तेव्हा जेवायला बसलो तो अजून त्याच घरात जेवतोय. पोटमाळ्यावर झोपायची जागा दिली, कारखान्यात ओळखीनं चिकटवलं. दुकानांच्या पाट्या दाखवत गुजराती अक्षरं शिकवली. चुकलो की म्हणायचे, "वाचा, नववी नापास साहेब, वाचा." मला कागदाची पहिल्यापासून भीती. काहीही सही करायची म्हटलं की हात ओले होतात. काकांना ते माहीत होतं, म्हणून माझं आधार कार्ड, बँकेचं खातं, सगळीकडे ते बरोबर आले. खिडकीपुढे मी गप्प, ते बोलणार. आणि त्यांच्याच मरणाचा कागद काढायची वेळ आली तेव्हा खिडकीपुढे मी एकटा होतो.

त्यांच्या घराण्यातले जुने लोक संस्थानच्या फौजेत होते. तलवार वगैरे काही उरलं नव्हतं, काका दगडांना टाकी लावत खेडोपाडी हिंडायचे, पण रीतभात राहिली होती. त्यातली एक अशी की शेवटचा श्वास घरात जावा. उंबऱ्याबाहेर गेलेल्या माणसाला आत घेत नाहीत, अंगणातूनच नेतात. आम्ही गाडी लावली तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, हातात तुळशीचं पाणी. त्यांना आम्ही फोनवर एवढंच सांगितलं होतं की तब्येत फार बिघडली आहे. काकांना खाली उतरवून उंबऱ्यावर घेतलं, त्यांनी ओठांवर पाणी सोडलं, आणि जाधवभाऊ लगेच म्हणाले, "वहिनी, गेले. आत्ता, दारात." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझा दंड दाबला. त्या एका वाक्यावर काका आपल्या घरात आले, आपल्या चटईवर निजले, काकूंनी त्यांच्या कपाळाची भुकटी पुसली. तेव्हा मला जाधवभाऊ देवासारखे वाटले. स्मशानात नाव लिहून घेणाऱ्यानं विचारलं, कुठे वारले? तेव्हाही तेच म्हणाले, घरी. पावतीवर घरचा पत्ता पडला.

आमची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत. खोली काकांच्या नावावर. काकूंच्या नावावर व्हायची तर मृत्यूचा दाखला पाहिजे, नाहीतर नव्या इमारतीत जागा नाही, असं बिल्डरच्या माणसानं तेराव्यालाच येऊन सांगितलं. लाडू खाऊन सांगितलं. म्हणून मी रावपुऱ्यात, ओळखीच्यांनी दाखवलेल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईनं स्मशानाची पावती घेतली आणि डॉक्टरचा कागद मागितला. माझ्याकडे होता तो एकच, खेड्यातल्या दवाखान्याचा. तो वाचून तिनं दोन्ही कागद परत सरकवले. माणूस त्या गावात गेला, नोंद त्या गावात. मी म्हटलं, बाई, राहत होते इथे, जाळलं इथे. ती म्हणाली, "गया तो वहाँ ना?" तिचं चूक नव्हतं, हे मला आता कळतं. वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माणूस जिथे राहतो तिथे नाही, जिथे जाळतात तिथेही नाही, जिथे श्वास थांबतो त्या गावाच्या दप्तरात त्याचं मरण लिहिलं जातं, आणि ते लगेच सांगावं लागतं. शाळेत आम्हाला नद्यांची लांबी पाठ करायला लावली. हे कोणी शिकवलं नाही.

मग त्या खेड्याच्या वाऱ्या. तिथे मरणाची नोंद तलाट्याकडे, आणि तलाटी तीन गावांना मिळून एक. त्या गावाचा ठरलेला वार धरून पंचायतीत गेलं तर ते तालुक्याला मीटिंगला गेलेले, तालुक्याला गेलं तर गावात निघालेले. एस.टी.नं जायचं, कुलपाकडे बघायचं, परत यायचं, कारखान्यात खाडा. एकदाचे भेटले तर चहा पीत म्हणाले, "मरण क्यां थयुं?" मी म्हटलं, इथे, तुमच्या गावात, गिरणीवर. त्यांनी स्मशानाची पावती बोटानं ठोकली. "आमां तो घर लख्युं छे." यात तर घर लिहिलंय, ते म्हणाले, मग मी माझ्या गावात मेलेला माणूस कुठून आणू? बाजूला बसलेले दोघं हसले. मग विचारलं, "तमे एना शुं थाव?" तुम्ही त्यांचे कोण? मी म्हटलं, त्यांच्याच घरात राहतो. मुलगा नाही, पुतण्या नाही, जावई नाही. तलाट्यांनीच सांगितलं, "भाडूआत." भाडेकरू. बायकोला आणा म्हणाले. प्रतिज्ञापत्र करा, की नवरा इथे मेला, घरी मेला हे चुकून लिहिलं गेलं. गिरणीवाल्याचा जबाब आणा. मुदत गेलीय, तालुक्याची मंजुरी लागेल. हे सगळं पहिल्या दिवशी एका दमात सांगता आलं असतं. पण एक सांगायचं, ते घेऊन गेलं की दुसरं. माणसाला आपल्या पायांनी पुन्हा पुन्हा त्या दारात आणण्यात त्यांना काय मिळतं मला माहीत नाही. मी तिथे ओरडलो नाही. ओरडलो असतो तर कागद कायमचा गेला असता. हात जोडून "भले साहेब" म्हणून निघालो, आणि एस.टी.त बसल्यावर माझे दात दुखत होते, इतका वेळ आवळून धरले होते.

काकूंना सांगायचं कसं... जाधवभाऊ म्हणाले, सांगू नको, नुसती सही घे, तिला गुजराती कुठे वाचता येतं. त्या क्षणी त्यांचा मला जेवढा राग आला तेवढा तलाट्याचाही आला नव्हता. मी काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. "दारात गेले," म्हणाल्या. "मी पाणी घातलं तोंडात."

"काकू, कागदावर तसं चालत नाही."

"मग जाऊ दे खोली. खोलीसाठी मी त्यांना बाहेर काढू?"

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनात. ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. इकडे बिल्डरचा माणूस दिवसाआड दारात.

शेवटी रमणभाई स्वतः आले. जबाब द्यायला तालुक्याला जायचं होतं, तर आधी बेनला, म्हणजे काकूंना, भेटून जातो म्हणाले. गिरणीचं ताजं पीठ घेऊन आले होते. काकूंनी त्यांना बसवलं आणि सरळ विचारलं, "शेवटी काय झालं, खरं सांगा भाई." रमणभाई माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सांगा. मग ते सावकाश म्हणाले की दगडांचं काम झालं होतं, वरचा दगड पुन्हा बसवला होता, काका चिंचेखाली खाटेवर बसले, म्हणाले आज चहा जास्त गोड करायला सांगा, घरी देत नाहीत. आतून चहा येईपर्यंत...

"प्याले?" काकूंनी विचारलं.

"ना बेन. कप एमनो एम." तसाच राहिला.

काकूंनी पिठाची पिशवी जवळ ओढली. नंतर म्हणाल्या, "साखर मीच बंद केली होती." आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच, "कुठे करायची सही ती दाखव."

तालुक्याच्या कचेरीत त्यांना ते प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. माझे पती घरी वारले नाहीत. लोकांनी भरलेल्या खोलीत, पंख्याखाली, एका बाईला हे म्हणायला लावलं, की होय, बरोबर आहे. लिहिणारा मान वर न करता म्हणाला, जरा जोरात बोला बेन. मला आजही तो आवाज ऐकू आला की मुठी वळतात. कोणी म्हणेल, खरं तेच तर लिहिलं. खरंच होतं. पण खरं सांगायला मी रावपुऱ्यात पहिल्याच दिवशी गेलो होतो, खिशात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. तेव्हा एकानं जरी शांतपणे बसवून सांगितलं असतं तर ते काकूंना घरात, माझ्याकडून, हळूच कळलं असतं. भर कचेरीत नाही.

दाखला गेल्या महिन्यात मिळाला. तलाट्यांनी शिक्का मारून वर विचारलं, "राजी?" खूश ना? मी मान हलवली. काय करणार... खोली काकूंच्या नावावर होईल. ज्या उंबऱ्यासाठी एवढं झालं तोही लवकरच पाडतील, हे मी त्यांच्यापुढे बोललेलो नाही.

घरी येऊन दाखला त्यांच्या हातात द्यायला गेलो तर त्यांनी हात पुढे केला नाही. "वाच," म्हणाल्या. मी दारात उभा राहून वाचला, नाव, वडिलांचं नाव, मृत्यूचं ठिकाण. काका असते तर म्हणाले असते, वाचा, नववी नापास साहेब. कुठे अडखळलो नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेरचा कागद बाहेरच राहू दे."

काका कामावरून आले की हत्यारांची पिशवी कधी घरात आणत नसत. दगडाची भुकटी अन्नात जाते म्हणून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचे, हात झटकायचे आणि मग उंबरा ओलांडायचे. आता त्या खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला आहे. झेरॉक्स काढायची असेल तेव्हा मी तो काढून नेतो, परत येऊन तिथेच अडकवतो, आणि हातावर काही नसलं तरी हात झटकून आत जातो.