हरेश्वर पेंटरची सरळ अक्षरं

गेटवेहून मांडव्याची बोट सुटली आणि सगळे प्रवासी पक्ष्यांना वेफर्स घालायला कठड्याशी धावले. मी तोंडाला मास्क लावून आत खिडकीशी बसून राहिले. शेजारच्या बाईंनी दोनदा निरखून पाहिलं, शेवटी न राहवून विचारलं, "काकू, तो कोरोना गेला ना आता? मग हे कशाला?"

"माझं तुम्हाला नाही हो, तुमचं काही मला होऊ नये म्हणून."

बाई फुरंगटल्या आणि पर्स उचलून पुढच्या बाकावर गेल्या. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, ऐसपैस बसता आलं.

माझ्या पोटात माझ्या थोरल्या भावाची किडनी आहे. शरीराने तिला परकी समजून हाकलू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ, वेळ न चुकवता गोळ्या घ्यायच्या, आणि त्याही जन्मभर. त्या गोळ्या शरीराची राखणच ढिली करतात, त्यामुळे गर्दी, उघड्यावरचं, कच्चं असं सगळं वर्ज्य. दुधाने तोंड पोळलेली मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिते. ऑपरेशननंतर एकटीने केलेला हा माझा पहिलाच प्रवास.

निघाले होते हरेश्वर पेंटरकडे. मुंबईच्या इस्पितळात तपासणीच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसायचो. मुरूडजवळच्या एका कोळीवाड्यात तो होड्यांवर नावं रंगवतो. त्याला किडनी दिली ती त्याच्या बायकोने, वनिताने. "नवी होडी पाण्यात लोटायची हाय ताय, पूजेला या," असं त्याने फोनवर सांगितलं. पूजेचं निमित्त झालं, पण मला ओढत होती ती काळजी. मागच्या दोन तपासण्यांना तो आलाच नव्हता आणि विचारलं की "एकदम बेस हाय" एवढंच सांगायचा. आमच्यातलं कुणी एकदम बेस वगैरे नसतं.

अलिबागहून मुरूडची एसटी मिळाली. रेवदंड्याचा पूल ओलांडला की डोंगर आणि समुद्र दोन्ही रस्त्याला येऊन भिडतात. वाडीवाडीत सुपारी वाळत घातलेली होती. मध्येच कुठे पोपटीचा (वालाच्या शेंगा आणि अंडी पाल्यासकट मडक्यात भाजतात ती) वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. काशीदला गाडीचा टायर बसला. सगळे उतरून सुरूच्या सावलीत विखुरले. मी उकळता चहा मागितला, तो कपातून बशीत आणि बशीतून साडीवर सांडला.

"थंडी वाजते काय गो?" चहावालीने विचारलं.

"नाही हो, गोळ्यांनी कापतात हात."

तिने दुसरा कप अर्धाच भरून दिला, शहाणी बाई. आमच्या गोळ्यांचं हे एक लचांड असतं. कुणाचे हात कमी कापतात, कुणाचे जास्त. हरेश्वरचे तर माझ्याहून जास्त; बाकावर तो चहा दोन्ही हातांनी धरून प्यायचा आणि म्हणायचा, "ताय, आता माझी समदी अक्षरं नाचरी येणार."

कोळीवाड्यात पोचले तेव्हा तो किनाऱ्यावरच होता. नवी होडी लाकडी टेकूंवर उभी होती आणि फळीवर बसून हरेश्वर तिच्या अंगावर लाल रंगाने 'एकवीरा प्रसाद' लिहीत होता. मला पाहून त्याने मान हलवली, पण ब्रश उचलला नाही. वेलांटी एका दमात वर गेली, वळली, सुरेख खाली आली. कुठे एक थरथर नाही. शेजारी नाखवा (होडीचा मालक) कौतुकाने बघत उभा होता.

"पेंटर लायनीवर आला बगा," तो मला म्हणाला. "मधी लय वंगाळ झालावता. हात ह्ये असे कापायचे. रोज घेतल्याबिगर का कापतात हात? आमी काम देनं बंदच केलं. आता सोडली त्यानं."

"काय सोडली?"

"दारू, दुसरं काय!"

हरेश्वर आयुष्यात दारूला शिवलेला नाही. मी पुन्हा त्या न थरथरलेल्या वेलांटीकडे पाहिलं. मग मी त्याच्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजून चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

घरी वनिताने तांदळाची भाकरी आणि माझ्यासाठी मुद्दाम बेताच्या मिठाचं सुरमईचं कालवण केलं होतं. माशांवरची माझी वासना उडाली, असं सहसा होत नाही. जेवण होईपर्यंत मी कसंबसं थांबले आणि सरळ विचारलं, "हरेश्वर, गोळ्या घेतोस ना?"

"घेतो की."

"सगळ्या?"

तो ताटात बोट फिरवत राहिला. वनिता भाकरीचा तवा उतरवायची थांबली.

"कामाच्या दिवशी सकाळची न्हाय घेत," तो म्हणाला. "मंग हात थांबतो. आदी एकच दिवस सोडली. काय पन झालं न्हाय. मंग सोडत गेलो."

"अरे, पण का? वनिताची किडनी आहे ती!"

"तिच्याचसाठी सोडली ना ताय!" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "हिचे भाऊ हितं येऊन बोलले, बेवड्याला दिलीस गो किडनी. बाजारात बाया हिच्या तोंडावर हसायच्या. मी काय सांगत फिरू घरोघर? हात थांबला तशी तोंडं थांबली."

वनिताने तवा खाली ठेवला.

"मी ऐकून घेत हुते ना?" ती म्हणाली. "सांगत हुते समद्यांना, गोळ्यांनी कापतात म्हून. कुनाला पटो, नाय पटो. मला जड न्हाय झालं. तुमाला कशाला जड झालं?"

तो ताट उचलून मोरीकडे गेला. मलाही त्या घरात बसवेना, पण उठून जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुरूडला रक्त तपासून घेतलं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की किडनी थकली असं समजायचं, आणि त्याचा आकडा पाहून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीतही बसू दिलं नाही. "आत्ताच्या आत्ता मुंबई," म्हणाले. त्याच दिवशी असलेली होडीची पूजा आमची राहिली. आमची रिक्षा स्टँडकडे निघाली तेव्हा किनाऱ्यावर बँजो वाजत होता, गुलाल उडत होता, आणि हरेश्वरने तिकडे मान वळवून पाहिलं नाही. मांडव्याच्या बोटीत तो आम्हा दोघींच्या मध्ये बसला. त्याला वांती झाली तशी वनिताने पदराने त्याचं तोंड पुसलं. कालपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

इस्पितळात जोराची औषधं दिली, शिरेतून, पुन्हा पुन्हा. आम्ही आशा धरून होतो. शेवटी डॉक्टरांनी वनिताला बोलावून सांगितलं की किडनी गेली, आता पुन्हा डायलिसिस. सोबतीला मी होते.

या प्रवासावर लिहायचं म्हणून मी मोठ्या हौसेने निघाले होते. समुद्र सुंदर आहे, माणसं अगत्याची आहेत, हे सगळं खरंच. त्याच अगत्याच्या माणसांनी एका सज्जन माणसाला बेवडा ठरवलं, हेही खरं. मला नाखव्याचा राग येतो, त्या भावांचा येतो आणि सगळ्यात जास्त हरेश्वरचा येतो. चार माणसांत मान राहावा म्हणून त्याने बायकोच्या पोटचं दान मातीत घातलं. आणि हे लिहिताना माझे डोळे भरून येतात, कारण त्याने ते तिच्यावरच्या मायेने केलं.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर वनिता भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "ताय, एक इचारू? ती किडनी आता बाहेर काढतील काय?"

मी सांगितलं की त्रास झाला नाही तर काढत नाहीत, आतच राहू देतात.

"राहू दे मंग," ती म्हणाली. "त्यांना एकटं न्हाय वाटणार." आणि पदर खोचून ती त्याच्याशी बोलायला आत गेली.