ताडपत्रीची दोरी

मुश्ताकभाईंना चालायला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला वरंधच्या रस्त्याने कुत्रा घेऊन निघालेला माणूस बघून लोकांना वाटतं, काय हौस आहे! हौस कसली डोंबलाची. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस तो. पूर्वी दुकानातून चहापत्ती आणायची तरी ट्रक काढायचे, असं नुरजहाँभाभी सांगतात. आता पासष्टी उलटली, दोन्ही गुडघे कामातून गेले, आणि आता दिवसातून दोनदा पुलापर्यंत जायचं न् परत यायचं.

मी सयाजी. गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. डॉक्टर नव्हे, पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही दुरुस्त करायचं कधीच सोडलंय. महाडहून मोटारसायकलने निघालो की वरंधच्या अलीकडे ही जोडी भेटते. पुढे टायगर, मागे लंगडत मुश्ताकभाई.

“कोण कुणाला फिरवतंय?” मी विचारतो.

“दमलो रे,” ते म्हणतात. रोज हेच उत्तर, आणि ते खरंच असतं.

मधली दोरीही बघण्यासारखी आहे. बाजारात कुत्रा फिरवायचे पट्टे मिळतात, तसलं काही नाही. ट्रकमधल्या मालावर ताडपत्री आवळायची ती जाड दोरी. तिची गाठ घाटातल्या खड्ड्यांना सुटली नाही, तर टायगरला काय सुटणार.

टायगर त्यांचा नव्हेच. मुलाने, मुसैबने, शेळ्या पाळल्या तेव्हा राखणीला आणलेला. वर्षभरात मुसैब कतारला गेला, शेळ्या गिऱ्हाईकांनी नेल्या, टायगर राहिला. राखणीला कुत्रा ठेवायला त्यांच्या धर्मात हरकत नाही, पण त्याची लाळ किंवा ओलं अंग लागलं तर तेवढी जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा माती लावून. भाभी या बाबतीत पक्क्या. टायगरचं जेवण लांबून सरकवायच्या, तो पाऊस अंगावर घेऊन आला की दार लावायच्या. मागच्या दारी मोरीजवळ त्यांनी रंगाचा जुना डबा ठेवलाय, चाळलेल्या मातीचा. मुश्ताकभाई फिरून आले की मोरीवर बसतात आणि हात धुतात. भाभी डबा कधी रिकामा होऊ देत नाहीत.

आमच्याकडे कुत्र्याला दोरी बांधून फिरवायची पद्धतच नाही. सकाळी सोडायचा, संध्याकाळी येतो. मध्ये तो कुठे जातो हे कोणी विचारत नाही. मी विचारतो, कारण मला ते बघावं लागतं.

तीन वर्षांपूर्वीची मार्चमधली दुपार. पुण्याच्या कुणीतरी डोंगराखाली फार्महाऊस बांधलंय, भोवती जाळीचं कुंपण. तिथल्या राखणदाराचा फोन आला म्हणून गेलो. कुंपणाला लागून भेकराची मादी पडली होती. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, लाजाळू जनावर, एकटंदुकटं हिंडणारं, घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकणारं. अंगावर दाताची एक खूण नाही. वरच्या रानातून कुत्रा मागे लागला, पळत पळत कुंपणाशी आली, पुढे वाट नाही. पळून पळूनच जीव गेला, मी पोचलो तेव्हा नुकताच. शेजारी टायगर जीभ काढून बसलेला, गळ्यात पट्टा आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता. त्याने खाल्लं काहीच नाही. त्याला नुसतं पळायचं होतं.

मुश्ताकभाईंना कुणीतरी एसटीच्या थांब्यावर सांगितलं असावं. हातात महाडच्या बाजाराची पिशवी घेऊन ते तसेच धावत आले, तेव्हा गुडघे चालत होते. पिशवी ठेवली, खाली बसले आणि भेकराच्या पोटाला हात लावला.

“डॉक्टर, आत हलतंय रे. काढ की.”

गाभण होती. दिवस भरले नव्हते. माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात काढला नाही. थोड्या वेळाने हलायचं थांबलं, तरी काढला नाही.

वनरक्षक पंचनाम्याला आला. कुत्रा कोणी सोडला, त्याने विचारलं.

“मीच,” मुश्ताकभाई म्हणाले.

समोर बाजाराची पिशवी, वर कोथिंबीर. हा माणूस सकाळपासून महाडला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला राग आला. वाटलं, कुत्र्याची बाजू घेतोय. वनरक्षकाने जबाब लिहून घेतला, परत असं झालं तर सोडणार नाही अशी समज दिली. दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाईंनी ट्रकमधली दोरी काढली. त्या दिवसापासून टायगर त्यांच्या हातातून एकदाही सुटलेला नाही. पहाटे न्यायचा नाही, तिन्हीसांजेला नाही, कारण तेव्हा भेकरं चरायला खाली उतरतात. डांबरी सोडून रानात पाय टाकायचा नाही. वरून भेकर भुंकलं की आहे तिथून मागे फिरायचं. हे सगळं त्यांचं त्यांनीच ठरवलं. सांगायला कोणी आलं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर उजवा गुडघा धरला तो धरलाच. महाडच्या डॉक्टरांनी दोन महिने खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. मी बघायला गेलो तर टायगर मागच्या दारी साखळीला हिसके देत केकाटत होता आणि मुश्ताकभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मुसैबचा फोन येऊन गेला होता. “अब्बा, छोड दो उसको, गावातली बाकीची कुत्री फिरतातच ना.” शेजाऱ्यांचंही तेच. मी म्हटलं, त्या फार्महाऊसचा राखणदार घेईल.

“तो मोकला सोडतो,” मुश्ताकभाई म्हणाले.

“मग काय करणार? बांधून ठेवून वेडा करणार त्याला?” मी जरा चिडलोच. “गावात शंभर कुत्री मोकळी आहेत. तुमचा एक बांधून काय होणार आहे?”

“तू नुसती बघितलीस रे ती,” ते म्हणाले. “माझा हात होता पोटावर.”

भाभी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी वरंधला एक म्हैस अडली होती, म्हणून मी पहाटे चारलाच निघालो. परत येताना ऊन अजून डोंगरावरून उतरलं नव्हतं. पुलापाशी बघतो तर काळा बुरखा, नकाब वर सारलेला, पायात मुश्ताकभाईंच्या मोठ्या चपला, दोन्ही हातांत ती दोरी. नुरजहाँभाभी. टायगर बांधलेल्या दिवसांचं सगळं एकदम वसूल करत होता. त्या अर्ध्या चालत होत्या, अर्ध्या ओढल्या जात होत्या.

तेवढ्यात वरच्या झाडीतून भेकर भुंकलं. एकदा, परत एकदा. टायगर ताठ झाला आणि त्याने जी उडी घेतली, भाभी गुडघ्यावरच आल्या. दोरी सोडली नाही. मनगटाला एक वेढा घेतला, दुसरा घेतला, तसा टायगर खेचला जाऊन त्यांच्यावर आला. ओलं तोंड हातावर, गळ्यावर, सगळीकडे. मी गाडी पळवत जवळ नेली.

“गाडी बंद करा पयली,” त्या म्हणाल्या. “त्या भेकराला जाऊ दे.”

मी बंद केली. वर पाला वाजला, लांब गेला, थांबला. मी हात पुढे केला, त्यांनी दोरी दिली नाही. मी गाडी ढकलत त्यांच्यामागून घरापर्यंत गेलो.

मुश्ताकभाई काठीवर जोर देत मागच्या दारी येऊन बसले होते. टायगरला बांधून भाभी मोरीवर बसल्या. एकदा हात धुतला, गळा धुतला. दुसऱ्यांदा धुतला. मग मान वर न करता म्हणाल्या,

“त्या दिवशी टायगरला मी सोडलेला. तुम्ही त्याला बांधून महाडला गेलेलात. सारखा भुकत होता, नमाज पढू देईना. हात लागू नये म्हणून काठीनं साखळीचा हूक काढला.”

मी तिथून निघायला हवं होतं. पाय निघाले नाहीत.

“घरी आलो तवा काठी साखळीपाशीच पडलेली,” मुश्ताकभाई म्हणाले.

भाभींचे हात थांबले. नळ चालूच होता.

“म्हंजे तुम्हाला पयल्या दिवसापासून ठावं हाय?”

“हाय.”

“तीन वर्सं? आनि बोललात नाय?”

“बोलून ती उठली असती गो?”

भाभी रडत होत्या, आवाज न करता. मुश्ताकभाईंनी हातातली काठी पुढे केली आणि मातीचा डबा हळूहळू त्यांच्याकडे सरकवला.

“माती राहिली तुझी,” ते म्हणाले. “उद्या ऊन खाली आल्यावर ने, आज लवकर नेलास. आनि दोरीचे दोन वेढे पयलेच घे. हात भरून येतो, पन सुटत नाय.”