पेपरवेटवरची ओवी

माझा संसार सावरला तो जयपुरातल्या सोडाला भागातल्या मॅडमनी. मनाच्या डॉक्टर त्या, मूळच्या तिकडच्याच. हे आधी सांगते, बाकीचं मग.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे फौजेत, बदली जयपूरला. मी सहावीत शाळा सोडलेली, साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट क्वार्टरमध्ये आले. हे ड्यूटीला गेले की छातीत धडधडायचं. दाराची कडी उगीच पुन्हा पुन्हा बघायची. ह्यांनी विचारलं की म्हणायची, “काही नाही, डोकं दुखतंय.” शेवटी हे म्हणाले, “तुझं इथं मन लागत नाही. गावी पोचवतो.” तसं गेले असते तर नवऱ्यानं टाकली, असंच म्हणाले असते सगळे.

त्याआधी एकदा दाखवू म्हणून ह्यांनी मॅडमकडे नेलं. मॅडमनी ह्यांना बाहेर बसवलं, कारण तिकडच्या बायका नवऱ्यासमोर तोंड उघडत नाहीत. पण परक्या जागी एकटी म्हटल्यावर माझी वाचाच बसली. मॅडम रागावल्या नाहीत. ह्यांना आत बोलावलं आणि मला विचारलं, “आपके यहाँ औरतें दिल की बात कहाँ करती हैं?”

मी म्हटलं, “जात्यावर.” पहाटे दळताना आई ओवीतून जात्याला सगळं सांगायची. अंथरुणातले वडील ऐकायचे. समोरासमोर कोण बोलतंय?

मॅडमनी माझी खुर्ची फिरवली, ह्यांच्याकडे पाठ केली आणि टेबलावरचा पितळी पेपरवेट माझ्यापुढे ठेवला. “लो, चक्की.” मला हसू आलं. हात ठेवून गोल फिरवत राहिले, आणि आपोआप आलं,

परक्या मुलखात बाई, दार दिसभर बंद,
येतील ना घरी धनी, जिवाला एकच छंद.

मागून हे म्हणाले, “मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय.”

“तसं असतं तर तुम्ही आलात का म्हणून कडी कशाला बघितली असती, अहो?”

“मग डोकं दुखतंय काय म्हणायचीस? दळायला बसायचंस.”

गावी पोचवायचा विषय तिथंच संपला. धडधड काही लगेच गेली नाही, त्यासाठी दोघांनी पुष्कळ खेपा घातल्या. पुढं क्वार्टरमधल्या नव्या नवऱ्या घाबरल्या की मीच त्यांना मॅडमकडे नेऊ लागले. मॅडम त्यांना सांगायच्या, “इनसे पूछो, ये चक्की वाली हैं.” तेव्हा मान ताठ व्हायची माझी.

आईचं जातं गावी अजून आहे. एक दिवस मॅडमना तिथं नेणार. भाकरी तर घालीनच, पण आधी त्यांना खुंटा धरायला लावीन. सगळ्यांचं ऐकणाऱ्या बाईचं कुणी ऐकलंय? मी त्यांच्याकडे पाठ करून बसेन, आणि ऐकेन.