फोटो आले की कळेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून—एवढंच. ओळखीच्या माणसाला उद्या पुन्हा तोंड दाखवावं लागतं.

माझं तसं बरं चाललंय. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे आणि सुट्टीच्या दिवशी कुत्री. आमचा एक लहानसा क्लब आहे. वर्षातून एकदा चिंचवडला मैदान घेऊन आम्ही डॉग शो भरवतो, आणि त्याच्या कमिटीत मी असतो. म्हणजे छातीवर बिल्ला, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि जिथे तिथे पुढे पुढे करणं. मला ते आवडतं. आवडायचं.

शोमध्ये कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणारे लोक वेगळे असतात, त्यांना हँडलर म्हणतात. मालकाला स्वतः पळणं जमत नसेल तर तो कुत्रा हँडलरच्या हाती देतो. अस्लम त्यांतला एक. एरवी आकुर्डीला त्याचं गॅरेज. त्या दिवशी त्याच्याकडे गोट्या होता—रावेतच्या मीनाताईंचा बुलडॉग. मीनाताई एकट्या राहतात, नवरा गेल्यावर घरात बोलायला तेवढाच उरला होता. बुलडॉगचं नाक चपटं असतं, उन्हात त्याला श्वास पुरत नाही. हे शोला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मी त्यातून पळवाट काढेन.

मार्चचं ऊन होतं. रिंगच्या कडेला एकच मांडव, आणि त्याच्या सावलीत सगळ्यांचे क्रेट, म्हणजे कुत्रे ठेवायचे जाळीचे पिंजरे, खेटून लावलेले. गोट्याला क्रेटमध्ये ठेवून अस्लम दुसऱ्याचा लॅब्रॅडॉर घेऊन रिंगमध्ये गेला. मी माझ्या राणीला घेऊन आलो तर तिच्या क्रेटला जागाच नाही. राणी जर्मन शेफर्ड, थोड्या वेळात तिची बारी, आणि ती धापा टाकायला लागलेली. मला राग आला. कमिटीचा माणूस मी, दिवसभर राबणारा मी, आणि माझ्याच कुत्रीला सावली नाही? मी तिच्यासाठी जागा केली. कशी केली—ते सांगतो. थोडं थांबा.

राणीला दुसरा नंबर मिळाला. मी ट्रॉफी घेत होतो तेवढ्यात मागे आरडाओरडा झाला. गोट्याचा क्रेट भर उन्हात होता आणि तो आत आडवा पडला होता, जीभ निळी झालेली. मी धावत गेलो. सगळ्यात आधी त्याच्यावर बादली ओतली ती मीच. डॉक्टरांनी बरीच खटपट केली. मीनाताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसल्या होत्या. गोट्या तिथेच गेला.

अस्लम वेड्यासारखा सगळ्यांना विचारत सुटला, "क्रेट कुणी हलवला? मी आत ठेवलावता, बांबूला टेकून. कुणी हलवला?"

मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "अरे अस्लम, ऊन सरकतं रे. गडबडीत लक्षात येत नाही माणसाच्या."

आधी ठरवलं होतं का? नाही. ते तोंडातून आलं, आणि इतकं पटण्यासारखं आलं की आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत क्लबच्या ग्रुपवर तेच झालं. आधी हळहळ, मग निष्काळजीपणा, मग अस्लमकडे पुन्हा कुणी कुत्रा देऊ नका. एकाने त्याच्या धर्मावरून नको ते लिहिलं. मी अ‍ॅडमिन. तो मेसेज मी लगेच काढून टाकला, त्या माणसाला चांगली समज दिली आणि—लाज वाटते सांगायला—स्वतःवर खूश झालो.

अस्लमने ग्रुपवर एवढंच लिहिलं: "फोटो येऊ द्या. फोटो आले की कळेल."

शोला फोटोग्राफर बोलावलेला असतो. शो संपला की सगळे त्याच्या फोटोंकडे डोळे लावून बसतात—आपल्या कुत्र्याची पोज कशी आली, ट्रॉफी नीट दिसते का. फोटो आले का? एडिटिंग चालू आहे, सर. दरवर्षीचंच. फक्त यंदा सगळ्यात जास्त अस्लम विचारायचा. त्याचं नाव पणाला लागलं होतं, त्याला विचारणं भागच होतं. आणि मी? मी कधीच विचारलं नाही. पण मीटिंगमध्ये फोन थरथरला तरी टेबलाखाली धरून आधी ग्रुप उघडायचो.

या फोटोग्राफरला कुत्र्यांतलं काही कळत नाही. चार काळे लॅब्रॅडॉर त्याला एकसारखेच. म्हणून सगळे फोटो आधी कमिटीतल्या कुणाकडे तरी येतात. हँडलरच्या दंडावरचा नंबर बघून कुठला कुत्रा कुणाचा ते लिहायचं आणि खराब फोटो बाजूला काढायचे. किचकट काम, सगळे टाळतात. यंदा मी स्वतःहून मागून घेतलं. दादा किती करतात क्लबसाठी, असं लोक म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. बायको आत झोपली होती. बराच वेळ काही नव्हतं, आणि मग ते आलं. पुढे एक बीगल, झकास उभा. मागे मांडव, जरासा धूसर, आणि त्यात गोट्याचा क्रेट—सावलीत, बांबूला टेकलेला. पुढच्या फोटोत वाकलेला मी. नारिंगी टोपी, दोन्ही हात त्या क्रेटला. गोट्या आत उभा राहून तोल सावरतोय.

होय. मी ओढला. पाच मिनिटांत परत ठेवू, असं मनाशी म्हणत ओढला, आणि ठेवला नाही. त्यानंतरच्या फोटोंत राणी रिंगमध्ये आहे. तिचा क्रेट सावलीत आहे, रिकामा. गोट्या बाहेर आहे. रिकाम्या पिंजऱ्याला मी सावली दिली होती.

ते सगळे फोटो मी खराबमध्ये टाकले. फोटोग्राफरला सांगितलं, हे हललेत, उडवून टाक. त्याने का म्हणूनही विचारलं नाही.

मग उरलेल्या फोटोंची लिंक ग्रुपवर पडली. दुसऱ्या दिवशी अस्लम कंपनीच्या गेटवर आला. मला वाटलं, भांडेल. पण तो नुसता थकलेला होता. म्हणाला, "सगळे बघितले, दादा. एकात पण नाय." आणि मग, "इतकी लोकं म्हणतात म्हंजे सरकलं असंल ऊन. मलाच आता नीट आठवंना."

तेव्हा सांगता आलं असतं. गेटवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चल, मीनाताईंकडे जाऊन येऊ. मन हलकं होईल तुझं."

त्यानंतर त्याने कुणाचा कुत्रा हातात धरलेला नाही. शोलाही येत नाही. पण रावेतची ती भेट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही, म्हणून सांगतो. अस्लम सोफ्यावर बसला नाही, दाराशीच उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "ताई, माझ्याच हातून झालं. माफ करा." मीनाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहणारही कशा? त्यांच्या लेखी त्यांचा गोट्या त्यानेच मारला होता. त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते.

"तुम्ही धावलात, दादा. जाताना त्याच्या अंगावर पाणी पडलं ते तुमच्या हातचं. मी विसरणार नाही."

अस्लम तिथेच उभा होता, मान खाली घालून.

मी म्हणालो, "ताई, एवढं तर कुणीही केलं असतं."