बिनकठड्याची गच्ची

आज जे लिहितो आहे ते मागच्या आठवड्यापर्यंत मी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आमच्या शेजारच्या बोरकर काकू माझ्या गच्चीवरून पडून गेल्या, त्या चक्कर येऊन पडल्या नव्हत्या. त्या धडधाकट होत्या, माझ्याशी बोलत होत्या, आणि माझ्या गच्चीला कठडा नव्हता म्हणून पडल्या. चक्कर मी मागाहून लावून दिली. त्या एका शब्दाखाली त्यांचे यजमान, आमचे बोरकर सर, उरलेलं आयुष्य काढून दीड महिन्यापूर्वी गेले. हा लेख सरांवरच आहे. पण सरांवर खरं लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

सर गेल्याचं आम्हाला कळलं ते सर आले नाहीत म्हणून. रोज सकाळी काठी टेकत ते आमच्या फाटकाशी यायचे आणि आवाज द्यायचे, "सुनंदाबाई, गोळी झाली का?" मग मी दिसलो तर मला, "अन् तुमची?" वरठीच्या आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी रक्तदाबाची गोळी चालू होती, त्या त्या फाटकाशी ते थांबायचे. पोरं त्यांना 'गोळीवाले सर' म्हणायची. पोरंच कशाला, मोठी माणसंही म्हणायची. त्या दिवशी माझी बायको सुनंदा पाण्याचा पेला आणि गोळी हातात घेऊन ओसरीत उभी होती. मी कारखान्यातली पाळी संपवून नुकताच मोटारसायकल लावत होतो. "सर नाही आले अजून. पाहून या बरं," ती म्हणाली. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. सर खुर्चीत होते, चष्मा नाकावरच होता, मांडीवरचं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, घसरून खाली पडलेलं. मी आधी ते उचललं. मग त्यांच्या हाताला हात लावला...

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मूळचे पवनीकडच्या एका गावातले, घरी धानाची शेती, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. दर रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत चार-पाच कुटुंबं जमायची, सर बायबलातलं मोशेचं नियमशास्त्र समजावून सांगायचे आणि शेवटी काकू चहा द्यायच्या. मी त्या मंडळीतला नव्हे, आमच्या घरी गणपती बसतो. पण पाळी नसली की संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो आणि त्यांना छेडायचो. "सर, तुमच्या देवाले एवढे नियम कायले लागतात जी? काय खाचं, काय घालाचं, बैल कसा बांधाचा... त्याच्यापेक्षा आमचा फोरमन बरा." सर हसायचे आणि विषय बदलायचे. एकदा मात्र त्यांनी नीट उत्तर दिलं. म्हणाले, "हे पहा, ते इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या गुलाम होते. गुलामाले नियम नसतात, हुकूम असतात. विटा पाड म्हटलं का पाडाच्या. त्या विटेखाली कोणी मेला तर मालकानं पाहावं, गुलामाचं काय जाते? मग ते सुटले, वाळवंटात आले, अन् पहिल्यांदा कोणीतरी त्यायले म्हटलं, का तू आता मोकळा आहेस, आता तुझ्या हातून जे होईल ते तुझं. नियम म्हणजे तेवढंच. ते मोकळ्या माणसालेच देता येतात."

मला हे तेव्हा छान वाटलं होतं, एखादं सुभाषित ऐकावं तसं. सर उदाहरणं द्यायचे ती सगळी शेतीतली. पीक कापताना कडेचं सोडून द्यायचं, पडलेल्या लोंब्या मागे वळून उचलायच्या नाहीत, त्या विधवेच्या आणि परक्याच्या. मळणीत बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं नाही. "आमच्या बाबानं एकदा बांधलं होतं. बैलानं अशी लाथ घातली का बाबा दिवसभर धानाच्या पुंजण्याले टेकून बसला होता. त्याले नियम बैलानंच शिकवला." सगळेच नियम सरांना पटत असत असं नाही. "दगड मारून जीव घ्याचे बी नियम आहेत त्यात. ते आले का मी घसा खाकरतो अन् पान उलटतो," ते म्हणायचे, आणि आतून काकूंचा आवाज यायचा, "अन् मंडळीले वाटते सरायले खोकला झाला."

मी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा वास्तूच्या जेवणाला सर आणि काकू दोघं आले होते. जेवणाआधी सर वर गेले, गच्चीच्या कडेपर्यंत चालत गेले, खाली पाहिलं आणि मागे सरले. कॉलमच्या सळया चारी बाजूंनी वर आलेल्या होत्या. "कठडा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पोरासाठी वर मजला चढवाचा आहे, सर. आता बांधा अन् मंग फोडा, कोणी सांगितलं?" आमच्याकडे निम्मी घरं अशीच उभी आहेत, वरच्या मजल्याच्या आशेवर कठडा राहून जातो. सर म्हणाले, "तुमच्या घरासाठी एक नियम आहे आमच्याकडे. नवं घर बांधलं का गच्चीले कठडा कराचा. नाही केला अन् कोणी पडलं, तर त्याचं रक्त त्या घरावर." पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "देव इंजिनिअर होता का जी?" सगळे हसले, सरही हसले. मी म्हणालो, "सर, पडणाऱ्यानं पाहून चालावं ना." तेव्हा ते म्हणाले, "पाहून चालणाऱ्याले कठडा कायले लागते? जो पाहत नाही त्याच्यासाठीच तो नियम आहे. तो कोण असन, हे बांधणाऱ्याले माहीत नसते." मी म्हणालो, तुमचा मोशे मला लागू नाही. "हाव, तुमाले नाही दिला तो," सर म्हणाले, "पण पडणारा धर्म पाहून पडत नाही." मग मी त्यांना जेवायला खाली नेलं आणि ते बोलणं विसरून गेलो. मजला कधी चढलाच नाही. मुलगा हैदराबादला स्थायिक झाला. सळया गंजत राहिल्या.

सरांचं घर कवेलूचं, उतरत्या छपराचं, म्हणून त्यांची वाळवणं आमच्या गच्चीवर असायची. त्या उन्हाळ्यात काकू आणि सुनंदा मुंगवड्या घालणार होत्या. वाटलेल्या डाळीची परात आणायला सुनंदा खाली गेली. मी पाण्याच्या टाकीचा कॉक बघत होतो. काकू जुनं लुगडं अंथरत होत्या. वाकून, हाताने सुरकुत्या काढत मागे मागे सरकत. "भाऊ, तुमची टाकी गळून राहिली, अन् सुनंदा नळाले शिव्या देते," त्या म्हणाल्या. मी हसलो. मला कड दिसत होती. त्यांच्या मागे दोनेक पावलांवर होती. मला वाटलं, नेहमीच्याच आहेत, त्यांना ठाऊक आहे... त्या आणखी मागे सरल्या. त्यांच्या तोंडून काहीच आलं नाही. आवाज आला तो अंगणातून.

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "चक्कर आली का जी? बीपी होता ना बाईले?" आणि मी म्हणालो, "हाव." तो शब्द मला कोणीतरी आणून हातात दिला आणि मी तो घेतला. भंडाऱ्याला दवाखान्यात पोचेपर्यंत काकू गेल्या होत्या. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. सर दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. चक्कर म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर केली. "मी आज तिले गोळी देलीच नाही," ते म्हणाले. काकूंना आपण होऊन गोळीची आठवण राहत नसे. त्यांची मुलगी शीला अड्याळला नर्स आहे, तिने ते काम सरांवर सोपवलं होतं. त्या सकाळी ते रविवारच्या पाठाच्या तयारीत बसले आणि विसरले. गोळी पाकिटात तशीच सापडली. त्या क्षणी मी बोलू शकत होतो. मी बोललो नाही, उलट मला हायसं वाटलं. या लेखातलं सगळ्यात जड वाक्य हेच आहे.

चक्कर आलेल्या माणसालाही कठड्याने धरलं असतं, हे कोणीच म्हणालं नाही. सरही नाही. ते आपल्या दोषात इतके बुडाले होते की माझ्या दोषाला तिथे जागाच उरली नव्हती. मातीच्या वेळी शीला सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, एकच काम देलं होतं ना तुमाले." त्यानंतर ती वरठीला फारशी आली नाही. मी आठवड्याच्या आत गवंडी लावून कठडा बांधून घेतला. सर वर आले, ओल्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं केलं. आता सुनंदाबाईची चिंता नाही." थोड्या दिवसांनी त्यांनी फाटकाफाटकाशी जाऊन गोळीची आठवण करायला सुरुवात केली. ऊन असो, चिखल असो. माझ्या फाटकाशीही. सहा-सात वर्षं त्यांनी मला रोज विचारलं, आणि मी रोज सांगितलं, "झाली, सर."

त्यांचं शिकवणंही बदललं. नियम दुसऱ्याच्या जीवासाठी असतात असं सांगणारे सर आता एकाच प्रकरणाशी थांबू लागले, अजाणता घडलेल्या दोषाच्या. एकदा ओट्यावर म्हणाले, "माहीत नसताना झालेल्या चुकीलेबी देवाले अर्पण द्याचं सांगितलं आहे. पहिले मले हे कठोर वाटे. मुद्दाम नाही केलं तर दोष कसला? आता वाटते, बरोबर आहे. गेलेलं माणूस तर गेलंच ना..." मी विचारलं, "अन् माहीत असून लपवलं तर?" त्यांनी शिक्षकासारखं उत्तर दिलं. "तर नुसतं अर्पण देऊन भागत नाही. पहिले तोंडानं सांगाचं, का मी हे केलं. मग ज्याचं नुकसान केलं त्याले भरून द्याचं. तो मेला असन तर त्याच्या जवळच्याले. देवाकडं मंग जाचं." "असं काहून?" "काहून का देवाजवळ कबूल होणं सोपं आहे. तो शेजारी राहत नाही." मी उठलो आणि घरी आलो. त्यानंतरही सर दोन हिवाळे होते. मी सांगू शकलो असतो, त्यांच्या मनावरचं ते ओझं एका वाक्यात उतरलं असतं. त्यांना सगळं कळलंच असेल, असं समजलं की मला बरं वाटतं. म्हणून तसं समजायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

सरांच्या मातीला शीला आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायका आपसांत बोलत होत्या, आईवरून बापावर धरलेला राग अजून गेला नाही म्हणून. ते ऐकलं आणि माझ्याने राहवेना, तरी जायला महिना लावला. मागच्या आठवड्यात अड्याळला गेलो. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिने पाणी आणून ठेवलं. मी सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच, टाकीच्या कॉकपासून. शेवटी तिने विचारलं, "बाबाले माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही." "सुट्टी असली तरी मी त्याले ड्युटी आहे म्हणून सांगत होती," ती म्हणाली. "दिवाळीलेबी... फोनवर नुसतं गोळ्या घेता का, जेवता का, एवढंच." मी काहीतरी बोलू लागलो तर तिने हात वर केला. "मले एकटीले सांगून मोकळे होऊ नका, काका. गल्लीनं त्याले गोळीवाला म्हटलं. मी त्याले सगळ्यायसमोर बोलली होती. तुमी बी सगळ्यायसमोर सांगा. अन् माफ केलं असं मी म्हणणार नाही." मग म्हणाली, "पाणी प्या अन् जा."

सुनंदाला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. शीलाने सांगितलं म्हणून हे लिहिलं आहे, आणि वरठीत जे जे वाचतील त्यांना माझं सांगणं आहे की बोरकर सरांच्या विसरण्याने काकू गेल्या नाहीत. त्या दिवशी गोळी घेतली असती तरी त्या पडल्या असत्या. त्यांना 'गोळीवाले' म्हणताना आपण ज्या गोष्टीची आठवण काढत होतो ती घडलीच नव्हती.

एवढ्याने फिटत नाही. काकूंना चक्कर आली होती असा माझा जबाब पोलीस ठाण्यात आहे, त्याखाली माझी सही आहे. तो खोटा होता, हे तिथे जाऊन मला सांगायचं आहे आणि पुढे जे होईल ते सोसायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.